संगीत संचालकाचं पद परत आणा: आमच्या धर्मग्राम परिषदेला खुलं पत्र

आदरणीय फादर आणि धर्मग्राम परिषदेच्या सर्व सभासदांनो,

सप्रेम नमस्कार.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) संगीत संचालकाचं पद राहणार नाही, अशी सूचना मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, शेवटी वाचून दाखवण्यात आली. कारण दोन शब्दांत उरकलं होतं: आर्थिक अडचण. यापुढे गाण्याची जबाबदारी इच्छुक स्वयंसेवक घेतील आणि जिथे कुणी उपलब्ध नसेल तिथे ध्वनिमुद्रित गाणी लावली जातील, असंही त्यात होतं. मग आपल्या संगीत संचालक बाईंच्या सेवेबद्दल आभार मानले गेले, टाळ्या झाल्या आणि लोक घरी गेले.

हे पत्र मी आपल्याला खासगीतही देऊ शकले असते. पण निर्णय सगळ्यांसमोर वाचला गेला, तर त्यावरचं म्हणणंही सगळ्यांसमोर असावं, असं मला वाटतं. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं २१२ वं कलम भाविकांना हा हक्क देतं. ख्रिस्तसभेच्या हिताच्या बाबतीत आपलं मत धर्मगुरूंना कळवावं आणि इतर भाविकांनाही कळवावं, तो हक्क आहे आणि प्रसंगी कर्तव्यही आहे, असं ते कलम म्हणतं. धर्मगुरूंचा आदर राखून, अशी अटही त्यात आहे, आणि ती मला मान्य आहे.

माझा संबंध काय, तेही सांगते. मी गायकवृंदात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. आले तेव्हा मला नोटेशन वाचता येत नव्हतं, आपला आवाज कुठला आहे हेही ठाऊक नव्हतं. बाईंनी शिकवलं. माझी आई गेली तेव्हा आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला: आईला कुठलं स्तोत्र आवडायचं? दुसऱ्या दिवशी त्यांनी ते नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत धरलं. रडून बसलेले गळे वर चढत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. आमच्या घरातल्या सगळ्यांना ते गाता आलं. आपण रद्द केलेल्या पदाचा मला माहीत असलेला अर्थ हा आहे. तो आपल्या टिपणीत कुठल्या रकान्यात बसला असता, मला सांगता येत नाही.

आता तक्रारी.

पहिली, आम्हाला कुणी विचारलं नाही. गायकवृंदाला ही बातमी इतर सगळ्यांबरोबर, त्याच बाकांवर बसून कळली. बाईंना ती आमच्या जेमतेम आधी कळली होती. परिषद सल्ला देण्यासाठी असते आणि अंतिम निर्णय फादरांचा असतो, यात वाद नाही. त्याच कायदेसंहितेचं ५३६ वं कलम तेच सांगतं. पण मिस्साच्या ग्रंथाला जोडलेल्या सर्वसाधारण सूचनांच्या १११ व्या परिच्छेदात आणखीही एक गोष्ट आहे. उपासनेची तयारी, संगीताच्या बाजूसकट, चर्चच्या प्रमुखाच्या मार्गदर्शनाखाली आणि भाविकांशी संबंधित बाबींत त्यांचा सल्ला घेऊन व्हावी, असं तिथे लिहिलं आहे. लोकांनी काय गायचं आणि कुणाच्या आधाराने गायचं, याहून भाविकांशी अधिक संबंधित बाब कुठली?

दुसरी तक्रार मोठी आहे आणि माझ्या मते सगळी गफलत इथेच झाली आहे. हे काम म्हणजे रविवारी एक तास कीबोर्ड वाजवणं, असा आपला समज दिसतो. तसं असतं तर मीही आपल्या बाजूने मत दिलं असतं. एक तास वाजवणारा कुणीही मिळतो.

त्या तासाच्या मागे काय असतं ते पाहा. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, त्यामुळे दर रविवारचं प्रतिसाद स्तोत्र वेगळं असतं. ते पहिल्या वाचनाला उत्तर म्हणून येतं. ते बायबलमधलं असतं, म्हणून त्याच्या जागी 'ओळखीचं आहे' एवढ्याच कारणाने दुसरं गाणं घालता येत नाही. म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी ते स्तोत्र उघडायचं, त्याचं ध्रुवपद लोकांना एकदा ऐकून उचलता येईल अशा चालीत बसवायचं, कडवी गाणाऱ्याला शब्द कुठे तोडायचे ते शिकवायचं. धर्मगुरू वेदीपाशी पोहोचल्यावर प्रवेशगीत फार रेंगाळू नये. कम्युनियनचं, म्हणजे पवित्र भाकर घेतानाचं, गीत धर्मगुरू स्वतः कम्युनियन घेत असतानाच सुरू व्हायला हवं, आणि त्याचं ध्रुवपद इतकं छोटं हवं की रांगेत चालणाऱ्याला हातात पुस्तक लागू नये. आगमनकाळात वाद्यं संयमाने वाजवायची. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे पास्काच्या (ईस्टरच्या) आधीच्या आठवड्यांत, मधला आनंदाचा रविवार आणि मोठे सण वगळता, ती फक्त गाण्याला आधार द्यायला वाजवायची आणि 'आलेलूया' पास्काच्या रात्रीपर्यंत तोंडातून काढायचा नाही. हे सगळं लिहिलेलं आहे. पण लिहिलेलं वाचून ते आपल्या चर्चमधल्या माणसांच्या गळ्यात उतरवणारं कुणीतरी लागतं.

पट्टीचंच घ्या. ध्वनिमुद्रणातली बहुतेक गाणी कसलेल्या एकट्या गायकाच्या पट्टीत असतात. लोकांना ती झेपत नाहीत, म्हणून लोक गप्प बसतात, आणि मग आपण म्हणतो की आपल्या लोकांना गायची आवड नाही. सकाळच्या पहिल्या मिस्साला गळे उघडलेले नसतात, तेव्हा बाई तेच गाणं संध्याकाळपेक्षा खाली आणायच्या. पुरुष गात नाहीत असं दिसलं की चाल तपासायच्या. कित्येकदा दोष पुरुषांचा नसायचा, चालीतल्या एका उंच स्वराचा असायचा. त्या येण्याआधी आपल्याकडे मिस्साला चार-पाच जण गायचे आणि बाकीचे त्यांच्याकडे पाहायचे, हे आपल्यापैकी जुन्या सभासदांना आठवत असेल. १९६७ च्या 'मुझिकाम साक्राम' या रोमच्या सूचनापत्राने सगळं गाणं गायकवृंदाकडे सोपवून लोकांना त्यातून वगळण्याची पद्धत योग्य मानलेली नाही. संगीत संचालकाची खरी परीक्षा गायकवृंद किती सुरेल आहे यात नसते. शेवटच्या बाकावरचा माणूस तोंड उघडतो का, यात असते.

पवित्र सप्ताहाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथे इच्छेवर भागत नाही. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक. पवित्र गुरुवारच्या महिमागीतानंतर थेट पास्कारात्रीच्या महिमागीतापर्यंत मौन असणाऱ्या घंटा. शुक्रवारी क्रूस दाखवताना तीनदा उचलली जाणारी ओळ. आणि मग पास्काजागरण. जुन्या करारातली सात वाचनं, प्रत्येकाला आपलं स्तोत्र. वेळेअभावी काही वाचनं गाळता येतात, पण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातलं, समुद्र ओलांडण्याचं वाचन गाळता येत नाही, आणि त्याच्या पाठोपाठ पुढच्या अध्यायातलं विजयगीत गायचं असतं. मेणबत्तीच्या उजेडात गायची पास्काघोषणा तर अनुभवी माणसाचीही दमछाक करते. या एका रात्रीची तयारी आपल्याकडे नाताळ उरकला की सुरू व्हायची. यंदा कोण सुरू करणार आहे? मी हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. मला नाव हवं आहे.

लग्नांचं थोडक्यात. चित्रपटातलं गाणं वेदीसमोर हवं म्हणून हटून बसलेल्या कुटुंबाला न दुखावता नाही म्हणणं, हेही काम बाईच करायच्या आणि त्याचा राग त्यांच्या वाट्याला यायचा, फादर, आपल्या नाही. आता तो सरळ आपल्याकडे येईल.

तिसरी तक्रार ध्वनिमुद्रित गाण्यांबद्दल. १९५८ साली रोमहून निघालेल्या पवित्र संगीताविषयीच्या सूचनापत्रात उपासनेत ग्रामोफोन, रेडिओ, टेप असली यंत्रं वापरायला स्पष्ट मनाई होती. पुढे १९७३ मध्ये मुलांच्या मिस्साविषयीच्या निर्देशात ध्वनिमुद्रित संगीताला फार सावधपणे आणि बिशपांच्या नियमांनुसार वाव दिला गेला. म्हणजे जी सवलत मुलांच्या मिस्सासाठी हात आखडून दिली गेली, ती आपण मोठ्यांच्या रविवारच्या मिस्साला नेहमीची व्यवस्था म्हणून लावतो आहोत. नियम क्षणभर बाजूला ठेवले तरी व्यवहार पाहा. कम्युनियनची रांग कधी लांब असते, कधी लवकर संपते. शुभवर्तमानाचा ग्रंथ घेऊन निघालेल्या धर्मगुरूंना कधी गर्दीतून वाट काढावी लागते. यंत्र थांबत नाही आणि लांबवतही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'मुझिकाम साक्राम' सांगतं की गाणं निवडताना सुरुवात धर्मगुरू आणि लोक यांच्यातल्या संवादापासून करावी: अभिवादन आणि त्याला उत्तर, शुभवर्तमानाआधीचा जयघोष, प्रस्तावनेचा संवाद, 'पवित्र, पवित्र, पवित्र', प्रभूची प्रार्थना. बाकीची गाणी त्यानंतर, हळूहळू. आपल्याकडे नेमकं उलटं झालं आहे. चार गाणी वाजली की मिस्सा गायली असं आपण समजतो. ध्वनिमुद्रण ती चार गाणी वाजवेल. पण फादर, आपण गाऊन अभिवादन केलंत तर स्पीकर आपल्याला उत्तर देणार नाही.

चौथी, पैशांची. इथे मला जरा स्पष्ट लिहावं लागेल. 'ही तर सेवा आहे, सेवेचे पैसे कसले' हे वाक्य मी या काळात अनेकांच्या तोंडून ऐकलं, त्यात आपल्यापैकीही काही होते. वायरिंग दुरुस्त करणाऱ्याला, छताची गळती काढणाऱ्याला, हिशेब तपासणाऱ्याला आपण असं म्हणत नाही. कायदेसंहितेचं २३१ वं कलम ख्रिस्तसभेच्या विशेष सेवेला वाहून घेणाऱ्या प्रापंचिकांविषयी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांविषयी, आहे. त्यांनी त्या कामाचं योग्य शिक्षण घ्यावं, आणि त्यांना आपल्या व कुटुंबाच्या गरजा भागतील असं उचित मानधन मिळण्याचा हक्क आहे, असं ते सांगतं. आजारपण आणि भविष्याची तरतूदही त्यात येते. १२८६ वं कलम तर चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनाच उद्देशून आहे: नोकरीविषयक नागरी कायदे पाळा आणि काम करणाऱ्याला न्याय्य वेतन द्या. बाईंशी आपला कधी लेखी करार झाला नव्हता. कामाचे तास ठरलेले नव्हते. रजा मागायला त्यांना संकोच वाटायचा. पद रद्द करणं इतकं सोपं गेलं, ते यामुळेही.

स्वयंसेवकांच्या विरोधात मी नाही, मी स्वतः स्वयंसेवकच आहे. आम्हाला बसवणारं, चुका सुधारणारं, दोन आवाज भांडले तर मधे पडणारं, नव्या मुलीला तिच्या पट्टीची जागा शोधून देणारं माणूस असेल तेव्हाच आमचा उपयोग होतो. त्याच्याशिवाय पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती माइक, आणि वर्षभर तीच दहा गाणी.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १५५५ साली पोप चौथे पॉल यांनी आपल्या खासगी चॅपलच्या गायकवृंदातून विवाहित गायकांना काढून टाकलं. त्यात संगीतकार पालेस्त्रिना होता. चर्चच्या संगीताचा आदर्श म्हणून आज ज्याचं नाव घेतलं जातं, तोच. मात्र त्याला निवृत्तिवेतन दिलं गेलं, एवढं पोपांच्या बाजूने नोंदवायला हवं. आपण टाळ्या दिल्या.

बाईंविषयी ज्या तक्रारी होत्या त्यांच्याबद्दलही बोलायला हवं, कारण पैशांइतकाच त्यांचाही या निर्णयात हात आहे, असा माझा अंदाज आहे. त्या कडक होत्या, हे खरं. सरावाला उशिरा येणाऱ्याला रविवारी उभं राहू द्यायच्या नाहीत, हेही खरं. यावरून काही चांगले गायक दुखावले आणि सोडून गेले, आणि तसं व्हायला नको होतं. 'एकट्याने गायला देत नाहीत' या तक्रारीत मला फारसं तथ्य वाटत नाही. मिस्सा ही कुणाच्या गळ्याची मैफल नव्हे. 'गाणी जुनीच' यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. त्या नवी गाणी आणायच्या, पण एक रुळल्यावरच दुसरं. ज्यांना दर महिन्याला नवीन हवं असतं त्यांना ते संथ वाटणारच. गाणं निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात असं चर्चमध्ये अनेक ठिकाणी मानलं जातं: ते उपासनेच्या त्या जागी शोभतं का, या लोकांच्या श्रद्धेला आणि कुवतीला पेलतं का, आणि संगीत म्हणून कसदार आहे का. परिषदेत चर्चा व्हायला हवी होती ती या तिन्हींवर. स्वभावाबद्दलच्या कुरबुरी बाईंना समोर बसवून सांगता आल्या असत्या. त्यासाठी पद मोडायची गरज नव्हती. माणूस बदलला तरी पद लागणारच आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात संगीताला उपासनेचा अविभाज्य भाग म्हटलं आहे, गायकवृंदांची जोपासना करा असं सांगितलं आहे आणि गायकवृंदातले लोक खरी उपासनासेवा करतात असं मान्य केलं आहे. साठ वर्षं उलटून गेली. आपल्या ताळेबंदात संगीत अजूनही 'इतर खर्च' या ओळीत आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. हा निर्णय आगमनकाळाच्या आधी स्थगित करावा आणि सर्व भाविकांची, निदान गायकवृंद, वाचक आणि वेदीसेवक यांची बैठक बोलावून मगच त्यावर पुन्हा विचार करावा. आर्थिक अडचण खरी असेल तर आकडे मांडावेत: या पदावर वर्षाला किती खर्च होतो आणि तो एकूण खर्चाच्या किती टक्के आहे. वित्त समिती कायद्यानेच असावी लागते, तेव्हा हे आकडे तयारच असणार. पैसे खरोखरच कमी पडत असतील तर पद अर्धवेळ करावं, किंवा शेजारच्या धर्मग्रामाबरोबर मिळून एकच संचालक नेमावा. हे दोन्ही पर्याय आम्ही खुल्या मनाने ऐकू. आमच्यापैकी काहींनी मासिक वर्गणीची तयारीही दाखवली आहे. पण ती वर्गणी कायम कामाची असेल, निरोपसमारंभाची नाही.

पद ठेवल्यास लेखी करार करावा: काम काय, तास किती, मानधन किती, रजा किती, आणि उत्तरदायी कुणाला. शेवटच्या मुद्द्यावर आमचं म्हणणं स्पष्ट आहे, संचालक फादरांना उत्तरदायी असावा, गायकवृंदाला नव्हे आणि परिषदेतल्या कुणा एकट्या सभासदाला तर मुळीच नव्हे. बाईंना हे काम नव्या अटींवर पुन्हा करायचं आहे का, ते त्यांना आधी विचारावं. त्या नाही म्हणाल्या तर शिकलेल्या माणसाची रीतसर नेमणूक करावी आणि त्याच्यावर दोन तरुणांना तयार करण्याची जबाबदारीही टाकावी, म्हणजे पुढच्या वेळी आपण सगळे एकाच माणसावर अवलंबून राहणार नाही. रविवारच्या आणि सणांच्या मिस्साला ध्वनिमुद्रित गाणी लावू नयेत. एखाद्या मिस्साला वाजवणारं कुणी नसेल तर वाद्याविना गाऊ, एक गायक पुढे उभा राहिला तरी पुरतो. सर्वसाधारण सूचनांतही गायकवृंद नसेल तिथे हीच सोय सांगितली आहे.

आणि एक विनंती, मागणी नव्हे. फादर, आपण संचालकाबरोबर महिन्यातून एकदा अर्धा तास बसून मिस्सातले आपले गायचे भाग बसवावेत. आपला आवाज चांगला आहे. लोक उत्तर देतील.

या पत्राची एक प्रत बिशप हाउसच्या उपासना आयोगाकडे पाठवली आहे. हे आपल्याला आधी कळावं म्हणून इथेच लिहिते. परिषदेच्या पुढच्या बैठकीत गायकवृंदाच्या तीन प्रतिनिधींना पंधरा मिनिटं द्यावीत. वेळ कळवल्यास आम्ही लेखी मुद्दे आदल्या दिवशी आपल्याकडे पोहोचवू. तोपर्यंत दर आठवड्याचा सराव आम्ही चालू ठेवत आहोत, त्यासाठी चर्चचं सभागृह नेहमीच्या वेळी उघडं मिळावं.

आपली नम्र,
धर्मग्रामाच्या गायकवृंदातली एक गायिका